‘तोशीस’ : एका जुन्या शब्दाची अर्थचिकित्सा

गेल्या चैत्री यात्रेच्या आधीं दोन दिवस आम्ही श्रीजोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे कागदोपत्रीं ज्यास वाडी रत्नागिरी म्हणतात त्या गांवीं, गेलों होतों. सासनकाठ्या अद्यापि यावयाच्या होत्या. ज्या गुरवांच्या घरीं आमच्या घराण्यांतील मंडळी पूर्वापार उतरते, त्या घरच्या वडील गृहस्थांनीं नेहमींप्रमाणें घोंगडें अंथरलें आणि ते म्हणाले, “मास्तर, यंदा चार दिस ऱ्हावा. तुमास्नी कसली तोशीस लागू देनार न्हाई.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ उघड होता. आमच्या पदरचा पैसा ते खर्च होऊं देणार नव्हते. आज सर्व मराठी माणसें हा शब्द याच अर्थानें वापरतात. ‘खिशाला तोशीस न लागतां’ हा तर रोजचा वाक्प्रयोग झाला आहे. परंतु हाच शब्द आम्हीं जुन्या कागदांत वारंवार वाचलेला आहे, आणि तेथें तो यजमानाच्या तोंडीं नसून हुकुमांत व अभयपत्रांत आढळतो. तेथें तो पाहुण्यास उद्देशून नाहीं. गांवावर आलेल्या शिपायास, कारकुनास, लष्करास उद्देशून आहे. रयतेस तोशीस देऊं नये, अशी ती ताकीद असते. एकच शब्द एके ठिकाणीं दंडुक्याच्या शेजारीं व दुसऱ्या ठिकाणीं पानाच्या तबकाशेजारीं कसा बसला, याचा विचार करणें हा या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : ‘तोशीस’ हा शब्द मूळचा छळवाचक, उपद्रववाचक आहे, त्याचा ‘खर्च, झीज’ हा अर्थ मागाहून आलेला आहे, आणि तो कोणत्या वाटेनें आला हें ध्यानांत घेतल्यावांचून जुन्या कागदांचें वाचन खोटें पडतें. हें आम्ही दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यासाठीं लिहीत नाहीं. पहिली चूक आमचीच आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वी एका घराण्याच्या दप्तरांतील एका अभयपत्राची नक्कल आम्हीं करून दिली होती. त्यांत तोशीस न देण्याविषयीं वाक्य होतें. नकलेच्या खालीं आम्हीं टीप दिली, ‘तोशीस म्हणजे खर्च, भुर्दंड.’ त्या घरच्या मंडळींनीं आमच्यावर विश्वास ठेवून असा समज करून घेतला कीं, आपला पूर्वज सरकारांत जाऊन पट्टी माफ करून मागत होता. पुढें मूळ कागद पुन्हां पाहण्याचा योग आला, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं पट्टीचा तेथें संबंधच नाहीं. तो मनुष्य माफी मागावयास गेला नव्हता. गांवांत येऊन बसणाऱ्या शिपायांविरुद्ध फिर्याद घेऊन गेला होता, आणि ती फिर्याद मान्य करवून परत आला होता. आमच्या दोन शब्दांच्या टिपेनें एका फिर्यादीला अर्जदार करून टाकलें. त्या घरच्या मंडळींस आम्हीं पत्रानें चूक कळविली. परंतु छापलेली टीप परत घेतां येत नाहीं, हें आमच्या मनास लागून राहिलें आहे.

आमच्या चुकीचें मूळ व्युत्पत्तींत होतें. संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य गेलेल्या माणसास प्रत्येक शब्दाच्या मागें धातु दिसतो. निरुक्ताच्या परंपरेंत ‘सिंह’ शब्द ‘हिंस्’ धातूपासून वर्णविपर्ययानें साधतात. त्याच रीतीनें ‘शोष’ या शब्दाचीं अक्षरें उलटून आम्ही वर्गांत ‘तोशीस’ साधून दाखवीत असूं. जें शोषून घेतें तें तोशीस, आणि पैसा शोषला जातो म्हणून अर्थ खर्च! मुलें माना डोलवीत. पण त्या साधनिकेंत आरंभीचा ‘त’ कोठून आला आणि शेवटचा ‘ईस’ कशाचा, हें एकाहि मुलानें विचारलें नाहीं, आणि आम्हीं स्वतःसहि विचारलें नाहीं.

जुन्या कागदांतील रूपें पाहिलीं म्हणजे ही इमारत कोसळते. तेथें ‘तोशीस’ व ‘तोसीस’ यांबरोबर ‘तसवीस’ असेंहि रूप आढळतें, आणि तें आपलें कुळ लपवीत नाहीं. अरबींतील ‘तश्वीश’ म्हणजे गोंधळ, अस्वस्थता, घडी विसकटणें. फारशीच्या द्वारें तो दक्षिणेंतील दरबारी लिखाणांत आला. अरबींत क्रियावाचक नामांचा जो एक ठराविक सांचा आहे, त्याच सांच्यांतून तजवीज, तकसीम, तसवीर, तहसील हे शब्द निघाले आहेत. तसवीर आणि तसवीस हे शब्द शेजारीं ठेवून पाहावे. एका मुशींतले आहेत हें सांगावें लागत नाहीं. ‘तोशीस’ शब्दाचे शेजारीहि पाहावे. तो ज्या ओळींत येतो त्याच ओळींत किंवा तिच्या आगेमागें उजूर, इस्कील, मुजाहीम असे त्याच घरचे शब्द उभे असतात. शब्दाची सोबत हाहि व्युत्पत्तीचा एक पुरावाच आहे.

आतां ‘तसवीस’चें ‘तोशीस’ कसें झालें? आमचा तर्क असा कीं, ‘तश्वीश’मधील श आणि व यांची अदलाबदल होऊन ‘तवशीश’ असें उच्चारण झालें, आणि मराठीच्या प्रकृतीप्रमाणें ‘अव’चा ‘ओ’ झाला. लवणाचें लोण झालें, नवनीताचें लोणी झालें, तसेंच हें. अर्थात् वर्णविपर्यय आहेच. आम्हीं तो चुकीच्या शब्दावर लादला होता. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. मधलें ‘तवशीस’ असें रूप एखाद्या कागदांत मिळाल्यास तो पक्का होईल.

व्युत्पत्तीनें मूळ अर्थ कळला. खर्चाचा अर्थ कोठून आला, हा प्रश्न राहतो. येथें एका प्रसिद्ध पत्राकडे वळलें पाहिजे. शिवछत्रपतींच्या कारकीर्दींतील, १६७३-७४ सुमारचें, चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र आमच्या वाचकांस परिचित आहेच. पावसाळ्याकरितां सांठविलेला दाणा व गवत जपून न वापरल्यास काय अनर्थ होईल, लष्करी लोक कुणब्याच्या घरांत शिरूं लागले तर रयतेस मोंगल बरे वाटूं लागतील, इतकेंच काय पण दिव्याची वात उंदरानें नेल्यास गंजीस आग कशी लागेल, येथवर त्यांत विचार केला आहे. त्या पत्राच्या आरंभीं, चिपळूणच्या आसपासच्या मुलखास लष्कराची ‘तसवीस’ लागली, असें सांगून तिच्या जोडीस गवताची व इतर बाब घातली आहे. आमच्या मतें या शब्दाच्या इतिहासाची किल्ली या जोडणींत आहे. येथें तसवीस म्हणजे उपद्रवच. परंतु तो उपद्रव गवत, दाणा, फांटे, भाजीपाला या रूपानें अंगावर पडतो, आणि म्हणून तो ‘लागतो’. याच पत्रांत त्यावर उपायहि सांगितला आहे : पगार खजिन्यांतून पोंचलेला आहे, तेव्हां ज्यास जें पाहिजे त्यानें बाजारांत जाऊन दाम देऊन विकत घ्यावें. उपद्रव टाळण्याचा उपाय दाम मोजणें हा असेल, तर उपद्रवाचें मापहि दामानेंच होऊं लागणार हें उघड आहे.

या दिशेनें शब्दास ढकलणारी दुसरी संस्था म्हणजे मोहसल. थकलेली बाकी किंवा कर्ज वसूल करण्यासाठीं देणेकऱ्याच्या दारांत शिपाई बसवीत, तो मोहसल. हा शब्द तहसीलच्याच धातूचा. मूळ अर्थ वसूल करणारा. मोहसल दारांत बसला कीं त्याचें पोट देणेकऱ्यानें भरावयाचें. तसेंच, कोणास बोलावणें पाठविलें तर तें घेऊन येणाऱ्या शिपायाचा आकार ज्यास बोलावलें त्याच्यावरच बसे; त्यास ‘मसाला’ म्हणत. आजच्या तरुण वाचकानें जुन्या कागदांत ‘मसाला’ हा शब्द पाहून स्वयंपाकघरांत शिरूं नये. मोहसल मारहाण करीत नसेल. पण तो उठेपर्यंत घरची भाकरी कमी होत जाई, आणि घरच्या बायकामाणसांस दाराबाहेर पाऊल टाकणें कठीण होई. छळाचें हत्यार येथें खर्च हेंच होतें. अशा व्यवस्थेंत ‘आम्हांस तोशीस लागली’ असें म्हणणाऱ्या माणसाच्या मनांत छळ कोणता आणि खर्च कोणता, हें वेगळें काढतां येत नसे. पुढें मोहसल गेला, मसाला गेला. शब्द मागें राहिला, आणि त्यांतील छळ गळून पडून खर्च तेवढा उरला.

एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याचें वर्णन आहे. सावकार आपल्या बरोबरीच्या किंवा खालच्या ऋणकोस घरांतून हलूं देत नसे, खाऊं देत नसे, उन्हांत बसवी. ऋणको वरचढ असला तर आधीं विनवणी करी. तगाद्याचें स्वरूप असें माणसाच्या पायरीप्रमाणें बदलत असे, ही गोष्ट त्यानें नेमकी हेरली.

एल्फिन्स्टन आणि ‘मराठ्यांच्या बखरी’चा कर्ता ग्रँट डफ हे दोघेहि स्कॉटलंडचे. त्यांच्या मायदेशांतील एका जुन्या शब्दाची येथें तुलना करण्याजोगी आहे. तो शब्द ‘सॉर्निंग’. आयरिश भाषेंत ‘सोर्थन’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ फुकट राहणें-खाणें. त्यापासून स्कॉट भाषेंत ‘सॉर्न’ हें क्रियापद झालें. धाकाच्या जोरावर दुसऱ्याच्या घरीं उतरून त्याच्याकडून अन्न, वैरण, निवारा उकळणें म्हणजे सॉर्निंग, आणि तें करणारा तो सॉर्नर. १४४९ सालीं तेथील पार्लमेंटनें या लोकांविरुद्ध कायदा केला. घोडे व शिकारी कुत्रे बरोबर घेऊन फिरणाऱ्या भिकाऱ्यांचाहि त्यांत समावेश आहे, यावरून हे भिकारी कोणत्या जातीचे होते तें दिसतें. १४५५ सालीं पुन्हां कायदा होऊन, सॉर्नर सांपडल्यास त्याचा न्याय चोर-दरोडेखोराप्रमाणें करावा असें ठरलें.

हे दोन शब्द एकाच रस्त्यानें, परंतु उलट टोंकांकडून चाललेले आहेत. आमचा शब्द छळापासून निघून खर्चापाशीं आला. स्कॉट शब्द फुकट जेवणापासून निघून छळापाशीं पोंचला. आणि कायद्याचा जोर ओसरल्यावर नुसत्या फुकटखाऊपणाच्या अर्थीं मवाळ होऊन परतला. दोन्ही शब्दांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं, आणि म्हणूनच ही तुलना उपयोगी आहे. जेथें हत्यारबंद मनुष्य दुसऱ्याच्या चुलीवर पोसला जातो, तेथें छळ आणि खर्च यांच्या शब्दांची सरमिसळ होणें अपरिहार्य आहे.

छळवाचक शब्दांचें असें स्थलांतर आमच्या भाषेंत एकट्या तोशीस शब्दाचेंच झालेलें नाहीं. ‘आजार’ हा फारशी शब्द पाहावा. जुन्या पत्रांत रयतेस आजार देऊं नये असें येतें, तेथें रोगाचा संबंध नाहीं. दुखविणें, पीडा देणें हा अर्थ. आज आजार शरीरांत जाऊन बसला आहे. ‘तसदी’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ डोकें दुखविणें. आज आपण ‘तसदी घेतल्याबद्दल’ एकमेकांचे आभार मानतों. म्हणजे छळाचे हे तीन शब्द तीन घरीं गेले : एक खिशांत, एक देहांत, एक शिष्टाचारांत. उर्दूंत तर तोशीस शब्दाचा सख्खा भाऊ ‘तशवीश’ मनांत शिरला असून त्याचा अर्थ काळजी असा होतो. संस्कृतांतले शब्दहि या नियमास अपवाद नाहींत. ‘उपसर्ग’ हा वैय्याकरणाच्या हातीं धातूच्या आधीं बसणारा प्र, परा इत्यादि गण. वैद्याच्या हातीं रोगाची बाधा. आणि पेशवाईंतील कागदांत सरळ उपद्रव. ‘उपसर्ग न लावणें’ या हुकुमाचा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकांत शोधणारा विद्यार्थी आम्हांस एकदां भेटला होता. आम्हीं त्यास हंसूं शकलों नाहीं, कारण तोशीसच्या बाबतींत आम्हीं तेंच केलें होतें.

आतां कोशांविषयीं दोन शब्द. मोल्स्वर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७), माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश (१९२५) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून) यांच्यावांचून आमचें एक पाऊल चालत नाहीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु अशा कोशांत एका शब्दाचे अर्थ आंकडे घालून एकापुढें एक मांडलेले असतात. त्यांतला कोणता वडील, कोणता धाकटा, आणि कोणत्या सालच्या कागदास कोणता लावावा, हें त्यावरून वाचकास कळत नाहीं. वाचक आपल्या ओळखीचा अर्थ उचलतो, आणि ओळखीचा अर्थ बहुधा सर्वांत अलीकडचा असतो. स्कॉट भाषेच्या जुन्या शब्दांचा जो कोश क्रेगी यांनीं १९३१ पासून खंडशः काढण्यास आरंभ केला, तो २००२ सालीं बारा खंडांत पुरा झाला. त्यांत प्रत्येक अर्थाखालीं कालक्रमानें उतारे आहेत. आपल्याकडे यादवकालीन मराठीसाठीं तुळपुळे व फेल्डहाउस यांचा कोश १९९९ सालीं झाला, ही मोठीच जमेची बाजू. परंतु ज्या सतराव्या-अठराव्या शतकांचे कागद आमच्या वाचकांच्या पेट्यांतून भरलेले आहेत, त्यांच्यासाठीं त्या तोलाचें साधन नाहीं.

तोंपर्यंत कामचलाऊ कसोटी एक सुचवितों. शब्दाकडे न पाहतां आधीं त्याच्या क्रियापदाकडे पाहावें. तोशीस ‘देणें’ किंवा ‘करणें’ असें असेल तर देणारा कोणी मनुष्य आहे. तेथें छळ, उपद्रव हाच अर्थ करावा. तोशीस ‘लागणें’, ‘पडणें’ असें असेल तर कर्ता झाकलेला आहे. तेथें काळ व संदर्भ पाहून ठरवावें. तोशीस ‘सोसणें’ असेल तर सोसणारा कोण हें पाहावें. यजमान असेल तर खर्च, रयत असेल तर बहुधा दोन्ही. ‘देणें’कडून ‘लागणें’कडे झालेला हा प्रवासच या शब्दाचा खरा इतिहास आहे. छळ करणारा वाक्यांतून निघून गेला, आणि त्याचें बिल तेवढें मागें राहिलें.

यावर कोणी म्हणेल कीं, खर्च घ्या कीं छळ घ्या, त्यानें असें काय बिघडतें? बिघडतें तें असें. अभयपत्रांतील तोशीस म्हणजे खर्च, असें धरलें कीं तें पत्र दयेचें होतें. राजानें कृपाळू होऊन कांहीं सोडलें, असा अर्थ निघतो. छळ असें धरलें कीं तें पत्र न्यायाचें होतें; राजानें आपल्याच माणसांस आंवरलें, असा अर्थ निघतो. पहिल्या वाचनांत रयत याचक ठरते, दुसऱ्यांत वादी. ज्या घराण्याच्या नकलेखालीं आम्हीं ती टीप लिहिली, त्या घराण्यापुरता तरी हा फरक लहान नव्हता.

जोतिबाच्या डोंगरावर त्या रात्रीं हाच विचार आमच्या मनांत घोळत होता. कोल्हापूरच्या गॅझेटिअरांत (१८८६) दिल्याप्रमाणें येथील मूळचें देऊळ किवळच्या नावजी सयानें बांधलें. त्या जागीं १७३० सालीं राणोजी शिंद्यांनीं हल्लींचें देऊळ उठविलें. आणि केदारेश्वराचें देऊळ १८०८ सालीं दौलतराव शिंद्यांनीं बांधलें. ज्या शिंद्यांच्या फौजा परमुलखांत घासदाणा वसूल करीत, तेच शिंदे येथें हात जोडून आले. आजहि चैत्रांत लक्षावधि माणसें या डोंगरावर चढतात आणि गुरवांच्या घरोघरीं उतरतात. तीच चूल, तीच पोळी, तोच ओसरीवरचा मुक्काम. मोहसलास घातलेली भाकरी आणि भाविकास वाढलेली पोळी यांत पिठाचा फरक नाहीं. फरक इतकाच कीं, एकास ‘नको’ म्हणण्याची सोय घरधन्यास नव्हती आणि दुसऱ्यास आहे. आमच्या यजमानांच्या तोंडीं तोशीस हा शब्द उलटा फिरला होता. पूर्वी बाहेरून येणारा घरधन्यास तोशीस देई. येथें घरधनी पाहुण्यास ती लागूं न देण्याची हमी देत होता. अभयपत्राची भाषाच जणूं सरकारांतून सुटून ओसरीवर आली होती.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. आपल्या दप्तरांत तोशीस, तोसीस, तसवीस यांपैकीं जें रूप आढळेल त्याची एकेक चिठी करावी. तींत मूळ अक्षरें जशींच्या तशीं, पुढील क्रियापद, कागदाची मिति, गांव, आणि पत्र कोणीं कोणास लिहिलें, एवढीं पांच कलमें असावीं. शंभर चिठ्या जमल्या तर कोणत्या काळीं व कोणत्या प्रांतीं छळाचा खर्च झाला, हें सांगतां येईल. आमचें वरील म्हणणें त्यांनीं खोटें पडलें तर तें आनंदानें मागें घेऊं. चुकीची टीप मागें घेण्याची संवय आतां आम्हांस झाली आहे.